भरली की बंद

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. एक लहान, प्रोसेसरच्या पोटातच असलेलं. ते मेल, बिलं, यूट्यूब असली किरकोळ कामं सांभाळतं. दुसरं मोठं, वेगळं, खास जड कामासाठी बसवलेलं. घराचं थ्रीडी डिझाइन उघडलं की सॉफ्टवेअरने त्या मोठ्याला हाक मारायची आणि मोठ्याने उठून कामाला लागायचं, एवढी साधी अपेक्षा. त्याच्यासाठीच तर मी हा पाट्यावरवंट्यासारखा जड लॅपटॉप घेतला. पण त्या आठवड्यात मोठं कार्ड काही केल्या उठेना. सगळा भार लहानग्यावर, आणि त्याचा जीव तो केवढा!

मला हे कळलं तेही भलत्याच ठिकाणी. सोनिवलीला, भोईरांच्या जुन्या घराच्या ओटीवर, सगळ्या घरासमोर.

जयदेव भोईर गावातल्या आपल्या जागेवर बंगला बांधतायत. आतली सगळी रचना, म्हणजे जिना कुठे, स्वयंपाकघर कसं, देवघर कुठल्या भिंतीला, हे काम मला मिळण्याच्या बेतात होतं. बेतात म्हणजे काय, तर नकाशे जयदेवना आणि त्यांच्या बायकोला, सोनियाला, आवडले होते. राहिल्या होत्या त्यांच्या आई, बनूबाई. त्यांना नकाशा कळत नाही. “रेघा नको. मना घर दाव,” असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. म्हणून मी पडद्यावर अख्खं घर उभं केलं. दारातून आत शिरायचं, खोल्याखोल्यांतून चालायचं, जिना चढून गच्चीवर जायचं.

हे काम माझ्यासाठी काय होतं ते आधीच सांगते. अंबरनाथच्या एका ऑफिसात मी डिझाइनं करायचे आणि खाली नाव साहेबांचं लागायचं. एक दिवस डोकं फिरलं आणि राजीनामा टाकला. साहेब हसले. म्हणाले, “घरून कर ना, कर. दिवाळीनंतर परत येशील. तुझी खुर्ची ठेवतो.” ते वाक्य मला भाजी चिरताना आठवायचं, केस विंचरताना आठवायचं. प्रज्वलशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, मी ठरवून टाकलं होतं: दिवाळीपर्यंत एक अख्खं घर माझ्या नावावर मिळालं, तर स्वतःचं काम चालू. नाही मिळालं, तर निमूट जाऊन त्या खुर्चीत बसायचं. दिवाळी तोंडावर आली होती आणि भोईरांचं घर सोडून माझ्या हातात दुसरं काहीही नव्हतं.

तर त्या ओटीवर मी लॅपटॉप उघडला. जवळपास प्लग नव्हता, पण बॅटरी काठोकाठ भरून नेली होती, त्यामुळे त्या बाजूने मी निर्धास्त. दार उघडलं, आत शिरलो, आणि घर अडखळायला लागलं. पाऊल टाकलं की चित्र थिजायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. जिन्यावर तर सगळंच थांबलं. मी माऊस हलवतेय आणि घर ढिम्म.

“ताई, हँग झाला का?” सोनियाने हळूच विचारलं.

“नाही, नाही. होईल आता,” मी म्हटलं.

झालं ते असं की चित्र अचानक सुटलं आणि जिन्यावरून आम्ही सगळेच भेलकांडत खाली आलो. बनूबाईंनी डोळे मिटून खांब धरला. “मना गरगराय लागलं रं, जया. या घरान मी नाय जायची.”

जयदेव भला माणूस. त्यांनी मला गाडीपर्यंत सोडलं. म्हणाले, “ताई, मनाला लावून घेऊ नका. रविवारी आम्हीच तुमच्याकडं येतो, आईला घेऊन. तिला धड दाखवा. तिला पटलं तर काम तुमचं. नायतर मग... अंबरनाथचे तुमचे जुने साहेब पण फोन करतायत मला.”

साहेब! म्हणजे खुर्ची ठेवली होती ती ठेवली होतीच, वर माझं घरही उचलून न्यायला निघाले होते. सोनिवलीपासून चिखलोलीपर्यंत मी स्कूटी कशी चालवली मला आठवत नाही.

चिखलोलीला आमचा फ्लॅट. घरी मी, प्रज्वल आणि सासूबाई. सासूबाईंचं नाव वेणू. बारवी धरणाच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. गणपतीनंतर गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे आल्या होत्या. बाई अबोल, कामाला वाघ, आणि त्यांना एक वेड आहे: बटणं बंद करण्याचं. पंखा, गीझर, दिवा, मिक्सर, जे दिसेल ते बंद. माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत त्याच्यामागचा दिवा गेलेला असतो. पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी भरायची मोटर आम्ही त्यांच्याच ताब्यात दिली होती, कारण टाकी भरली की मोटर बंद करायला त्या कधीही विसरत नसत. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या टाक्या वाहतात, आमची कधी वाहिली नाही. याचं मला कौतुकच होतं.

घरी आल्या आल्या मी भिंतीत कायम खोचलेल्या चार्जरची पिन लॅपटॉपला लावली आणि कामाला भिडले. टास्क मॅनेजर उघडला. त्यात दोन्ही कार्डांच्या रेघा दिसतात. लहान कार्डाची रेघ छताला टेकलेली. मोठ्याची सपाट. दवाखान्यातल्या पडद्यावर असली रेघ दिसली की नातेवाईक रडायला लागतात. मी सेटिंगमध्ये गेले, सॉफ्टवेअरचं नाव शोधलं, त्याच्यापुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं. बंद करून चालू केलं. मग जेवून घेतलं, हात पुसून बसले, डिझाइन उघडलं. रेघ सपाट. ड्रायव्हर काढला, नवा टाकला. व्हिडिओ बघितले, एक मुलगा हिंदीत तोंडभर हसून सांगत होता की बस इतना ही करना है. मी बस इतनाच केलं. रेघ सपाट.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगर गाठलं. लॅपटॉप जिथून घेतला त्या दुकानाचे हरेशभाई गल्ल्यामागे बसून चहा पीत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे आपटलाच. “हरेशभाई, मोठं कार्ड मेलंय याचं. मला हे असलं गळ्यात मारलंत?”

“अरे मॅडम, बैठो तो सही. पानी पियो.” त्यांनी लॅपटॉप काउंटरवरच्या चार्जरला लावला, माझंच डिझाइन उघडलं आणि माऊस फिरवला. मोठ्या कार्डाची रेघ अशी उसळली की बस्स! भोईरांचं घर लोण्यासारखं फिरलं. जिना चढून, गच्चीवर जाऊन, वरून खाली अंगण बघून हरेशभाई परत दारात आले. “ये तो घोडा है, मॅडम. काय प्रॉब्लेम आहे?”

दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मी लॅपटॉप गोळा केला आणि तोंड लपवून बाहेर पडले.

घरी आले. चार्जर लावला, पिन नीट बसल्याची खात्री केली, तोंड धुऊन आले, डिझाइन उघडलं. घर जिन्यावर अडकलं.

खरं सांगते, मला रडू फुटलं. काही पोरं मामाकडे शहाण्यासारखी वागतात आणि स्वतःच्या घरी आली की अंगात येतं त्यांच्या. तसलं हे यंत्र. शुक्रवारी परत उल्हासनगर. परत तिथे घोडा. हरेशभाई या वेळी हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं. “घर का वोल्टेज देखो मॅडम,” एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मलाच कुठेतरी दाखवायला हवं.

प्रज्वल कंपनीतून आला तेव्हा मी त्याच्यावर उखडले. व्होल्टेजवर उखडले, बिल्डरवर उखडले. तो म्हणाला, “हर्षदा, नाहीच जमलं तर साधा व्हिडिओ करून दाखव ना.” आता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण बनूबाईंना सिनेमा नको होता. त्यांना म्हणायचं होतं, इकडे वळ, तिकडे ने, ते दार उघड. व्हिडिओतलं दार कोण उघडणार? मी त्याला तसं ओरडून सांगितलं. सासूबाई ताट घेऊन उठल्या आणि जाता जाता त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद करून गेल्या.

शनिवारी दुपारी माझा धीर संपला. डोळ्यांपुढे सारखी ती खुर्ची. मी हरेशभाईंना फोन लावला.

“मॅडम, अब क्या हुआ?”

“घरी चालत नाही! तुमच्याकडे चालतं, माझ्याकडे नाही!”

“चार्जर लगा है?”

“लगा है!” मी किंचाळले. “तीन दिवस झाले, मी काय वेडी आहे का? पिन माझ्या डोळ्यासमोर आहे!”

“गुस्सा नको मॅडम. खाली कोपऱ्यात बॅटरीचं निशाण आहे ना, त्याच्यावर प्लग दिसतो का?”

माझं सॉफ्टवेअर सगळा पडदा व्यापतं, कोपरा दिसतच नाही. मी ते खाली केलं. बॅटरीचं निशाण होतं. प्लग नव्हता.

“नाही दिसत,” मी म्हटलं.

“बस. बॅटरीवर गेला की हा लॅपटॉप मोठं कार्ड झोपवून टाकतो, बॅटरी वाचवायला. सेटिंग काहीही ठेवा. लाइन चालू करा, सॉफ्टवेअर बंद करून नव्याने उघडा. देखो, भागेगा.”

आमचा प्लग दिवाणाच्या मागे आहे, भिंतीला, खाली. मी जमिनीवर आडवी झाले, दिवाणाच्या फटीत डोकं घातलं. प्लग खोचलेला. पिन लॅपटॉपला लावलेली. आणि भिंतीवरचं बटण बंद.

मी बटण दाबलं. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. पंखे घोंघावले, मोठ्या कार्डाची रेघ वर गेली, आणि मी एका दमात जिना चढून गच्चीवर पोचले.

आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. “आई!” मी हाक मारली. सासूबाई पदराला हात पुसत आल्या. “हे बटण तुम्ही बंद केलंत?”

“व्हय,” त्या म्हणाल्या, साधेपणाने. “पिवळा दिवा जाऊन पांढरा आला. भरली व्हती. भरली की बंद. दुपारच्याला परत लावते की मी.”

म्हणजे टाकी! बाई माझ्या लॅपटॉपची टाकी भरत होत्या. रोज. मी जेवायला गेले, तोंड धुवायला गेले, की त्या दिवाणामागे वाकून, दुखत्या गुडघ्यानिशी, मोटर बंद करत होत्या. दिव्यांचे रंग त्यांना प्रज्वलने शिकवले होते. आणि सोनिवलीला जाताना काठोकाठ भरलेल्या ज्या बॅटरीच्या जिवावर मी निर्धास्त होते, ती भरली होती त्यांनीच.

मला हे सगळं दिसत होतं, तरी माझी जीभ थांबली नाही. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं? माझं काम जाणार होतं तुमच्यामुळे! तीन दिवस मी मरतेय इथे! हे मशीन आहे, विहिरीवरचा पंप नाही!”

सासूबाई दिवाणाच्या कडेवर टेकल्या. “भरल्यावर चालूच ठेवायचं?” त्यांनी विचारलं. “मग ते तापंल ना.”

“तापू दे!”

“माझ्या भावाच्या घरी रातभर लावून ठेवला व्हता मोबाईल,” त्या म्हणाल्या. जमिनीकडे बघत बोलत होत्या. “गोधडीवर. भाताची कणगी जळाली, वरचा पेंढा जळाला, आढं खाली आलं. भावजय पोरांना घेऊन भायेर आली म्हणून वाचली. मी गेले तवा कुडाच्या नुसत्या काटक्या उभ्या व्हत्या. तू तर याच्या शेजारीच बसतेस.”

मला लाज वाटली. पण राग गेला म्हणाल तर नाही, तो तसाच होता. दोन्ही एकदम असू शकतात. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, “आई, उद्या भोईर येणार आहेत. ते जाईपर्यंत बटणाला हात लावू नका. एवढंच करा माझ्यासाठी.”

थोड्या वेळाने बघते तर त्या बाल्कनीत बसून, माझा वाळलेला गुलाब बाजूला काढून, कुंडी उकरत होत्या. रुसल्या, मी मनात म्हटलं. रुसू देत.

रविवारी भोईर आले. बनूबाई नवी साडी नेसून, काठी टेकत. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, लॅपटॉप टेबलावर. बटण बघितलं, चालू. प्लगचं निशाण बघितलं, आहे. डिझाइन उघडलं. पंखे घोंघावले. “विमान हाय का काय,” बनूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, गरगरलं तर म्हणून.

दारातून आत गेलो. सरळ, शांत. बैठकीतून देवघराकडे वळलो. माझं लक्ष मात्र अर्धं पडद्यावर आणि अर्धं घरात. सासूबाई दिसत नव्हत्या. पाणी देऊन गेल्या त्या गेल्याच. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज नव्हता. बाल्कनी रिकामी.

जिन्याशी आलो आणि मला दिवाणाच्या मागून बाहेर आलेला हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. त्या तिथे होत्या. खाली, भिंतीशी. बटणाशी.

आता पांढरा दिवा आला असणार. आता भरली असणार. आयुष्यभराची सवय, एका विनवणीने थोडीच जाते? हाक मारावी तर भोईरांसमोर काय म्हणणार, उठावं तर मनगट बनूबाईंच्या हातात. मी पायऱ्या चढत होते आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं, आता खटका वाजेल, आता घर थिजेल. हिरवा काठ थोडा हलला. जिना संपला. घर चालूच होतं.

“परत खाली चल,” बनूबाई म्हणाल्या. “माझी चूल दाव.”

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्या बराच वेळ ओट्याकडे बघत राहिल्या. “इथं उभी राहिले तर खिडकी कुठं?” मी वळले. खिडकी होती, आणि खिडकीतून मी त्यांच्याच परसाचा काढलेला फोटो दिसत होता: आंबा, त्यामागे गोठा. “माझी गाय दिसंल इथून?” त्यांनी विचारलं.

“दिसेल आजी. म्हणूनच ओटा इकडे घेतलाय.”

बनूबाईंनी मनगट सोडलं. डोळ्यांना पदर लावला. “जया,” त्या म्हणाल्या, “हिलाच दे रं काम. दुसऱ्या कुनाला नको.”

जयदेव हसले, सोनियाने माझा हात दाबला. पेढे त्यांनी येतानाच आणले होते, असं निघालं. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं, दार लावलं आणि तशीच दिवाणामागे गेले.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, दुखरा गुडघा सरळ पसरून. एका बाजूला घमेलं, त्यात कुंडीतली सगळी माती, पेट घेतला तर ओतायला. पाण्याने करंट लागतो, म्हणून माती. आणि त्यांचा उजवा तळवा चार्जरच्या काळ्या ठोकळ्यावर दाबून ठेवलेला. किती तापतोय ते कळावं म्हणून. सगळा वेळ. भिंतीला टेकून बाई घामाने निथळत होत्या, ओठ घट्ट मिटलेले.

मला बघून त्यांनी मान वर केली.

“गेले का ग?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “आता करू बंद?”

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. “करा आई,” मी म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने बटण बंद केलं, आणि मगच ठोकळ्यावरचा हात उचलला. तळवा लालबुंद झाला होता.